दुसऱ्याचा कोड घेण्याआधी दोन वेळची धार

म्हैस घ्यायला गेलेला माणूस आधी अंगकाठी बघतो, मग वेत कितवं ते विचारतो, चारी सडं चालू आहेत का ते चाचपतो. मालक सांगतो, "दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर." घेणारा मान हलवतो, पण खिशात हात घालत नाही. म्हणतो, "आज संध्याकाळची धार बघतो, उद्या सकाळची बघतो, मग बोलू." दोन वेळची अशासाठी, की एक वेळ न पिळता ठेवलेली म्हैस पुढच्या धारेला बादली भरून दाखवते. आणि जाणता माणूस दुसरी धार स्वतः काढायला बसतो, कारण काही म्हशी ओळखीच्या हातालाच पान्हा सोडतात. मालकाच्या हाताला बारा लिटर देणारी म्हैस आपल्या गोठ्यात येऊन पाचावर थांबली, तर मालक खोटं बोलला असं म्हणता येत नाही. त्याच्याकडं ती देतच होती.

कोल्हापूर जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर करतो, त्यामुळं गोठ्यातलं हे शहाणपण मला रोज दिसतं. तरीही आमच्या धंद्यात दुसऱ्यानं लिहिलेला कोड निवडताना आम्ही मालकाच्या शब्दावर म्हैस घरी आणतो. ती पिळून कशी बघायची, हे आज लिहितो आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी तर आहेच, पण सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांच्या सचिवांनी आणि कारखानदारांनीही वाचावं, कारण यातला निम्मा भाग त्यांच्याशिवाय होत नाही.

आयता भाग म्हणजे काय

शिवाजी उद्यमनगरात पंप बनवणारा कारखानदार बेअरिंग स्वतः बनवत नाही. कास्टिंग शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून येतं, सील आणि नट-बोल्ट बाजारातून येतात. त्याचं स्वतःचं म्हणजे डिझाइन, मशीनिंग आणि जोडणी. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. बिलाचा हिशोब आम्ही लिहितो, पण पीडीएफ तयार करणं, तारखा सांभाळणं, दशांशाची गणितं, डेटाबेसशी बोलणं, हे सगळं दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं असतं. अशा आयत्या भागाला कंपोनंट म्हणतात, रोजच्या बोलण्यात लायब्ररी किंवा पॅकेज.

ही कल्पना जुनी आहे. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश गावी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर नाटोची परिषद भरली होती. तिथं संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी मांडलं, की इतर उद्योगांत तयार सुटे भाग मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही मिळाले पाहिजेत. एकाच कामाचे, पण अचूकता, वेग आणि मजबुती यांत वेगवेगळे नग कॅटलॉगमध्ये असावेत आणि घेणाऱ्यानं आपल्या गरजेप्रमाणं उचलावेत. आज भाग भरपूर झाले आहेत. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एनपीएम या एका भांडारातच वीस लाखांहून जास्त पॅकेजं आहेत. मॅकिलरॉय यांनी सांगितलेली अचूकतेची आणि मजबुतीची पाटी मात्र त्यांवर नाही.

मग निवडतो कशावरून? गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर किती तारे, म्हणजे पसंतीच्या खुणा, आहेत, गेल्या आठवड्यात किती जणांनी डाउनलोड केलं, माहितीचं पान कसं लिहिलंय, कुणी तुलनेचा तक्ता दिलाय का, यावरून. हे बघण्यात चूक नाही. बाजारात चार लोक कुठल्या म्हशीभोवती उभे आहेत हे आपण बघतोच. पण त्यावरून एवढंच कळतं, की तो भाग बऱ्याच जणांना उपयोगी पडला आहे. त्यांचं काम आणि आपलं काम एकच आहे का, ते कळत नाही.

"त्या लायब्ररीच्या स्वतःच्या हजारो टेस्ट आहेत की," असं कुणी म्हणेल. आहेत, आणि ते चांगलंच आहे. पण त्या टेस्ट लेखकानं स्वतःच्या मनातल्या कामाशी ताडून लिहिलेल्या असतात. फाउंड्री धातूची कठीणता तपासते, चिरा आहेत का बघते. ते कास्टिंग तुमच्या पंपात बसेल का, हे फाउंड्रीला माहीत नसतं. ते बघायला कारखानदार गेज वापरतो. गो-नो-गो गेजचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तो गेज पंपाच्या ड्रॉइंगवरून बनतो. आलेलं कास्टिंग बघून कुणी गेज बनवत नाही, कारण तसा गेज प्रत्येक कास्टिंगला पास करेल.

स्वीकृती चाचणी, म्हणजे ॲक्सेप्टन्स टेस्ट, हा सॉफ्टवेअरचा गेज आहे. माल घेणाऱ्याच्या बाजूनं, त्याच्या भाषेत, त्याच्या कामातल्या खऱ्या आकड्यांनी लिहिलेली आणि संगणकाला आपोआप चालवता येणारी तपासणी. ही चाचणी आपण सहसा काम संपल्यावर, ग्राहकाला दाखवताना आठवतो. माझं म्हणणं असं, की ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती सुरुवातीला, आयता भाग निवडताना.

एका पैशाची गोष्ट

करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत आमचं सॉफ्टवेअर बसवून दहा दिवस झाले होते. पहिलं दहा दिवसांचं बिल निघालं आणि सचिवांचा फोन आला. गेलो. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. आण्णांनी एका बाजूला आमची छापील पावती ठेवली होती, दुसऱ्या बाजूला कॅल्क्युलेटर.

"दादा, तुमचं मशीन पैसा खातंय बघा."

साडेचार लिटर दूध, त्या फॅटला दर लिटरला ५२.२५ रुपये. गुणाकार येतो २३५.१२५. आण्णांच्या हातच्या रजिस्टरात २३५.१३ होते. पावतीवर २३५.१२.

मी आधी म्हणालो, एक पैसा आहे. आण्णांचा चेहरा बघून मला माझं बोलणं मागं घ्यावंसं वाटलं. प्रश्न पैशाचा नव्हता. सभासदाच्या हातातली पावती, संस्थेची कीर्द आणि बिलाची बेरीज या तिन्ही ठिकाणी एकच आकडा दिसला पाहिजे, यावर त्या माणसाची तीस वर्षांची पत उभी होती. ज्या बाईनं पहाटे उठून धार काढली, तिच्या पावतीत फरक आहे असं एकदा गावात झालं, की पुढं कितीही समजावलं तरी लोक काट्याकडं संशयानंच बघतात.

चूक शोधली तर चूक सापडेना. दशांशाचं गणित करणारी लायब्ररी तिच्या माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणं अगदी बरोबर चालत होती. आकडा बरोबर मध्यावर आला, म्हणजे पुढं नेमका अर्धा पैसा उरला, तर वर जायचं की खाली? शाळेत आपण शिकलो, की वर. पण दुसरीही एक रीत आहे. तिला बँकर्स राउंडिंग म्हणतात. त्यात जवळच्या सम आकड्याकडं जातात. २३५.१२५ चे २३५.१२ होतात, कारण शेवटचा २ सम आहे, आणि २३५.१३५ चे २३५.१४ होतात. यामागं विचार आहे: अर्धे कायम वरच ढकलले तर मोठ्या बेरजेत रक्कम हळूहळू फुगत जाते. पायथॉन भाषेतलं राउंड हे फंक्शन असंच चालतं, तिथं २.५ चे २ होतात. सी-शार्पमध्येही मुळात हीच रीत आहे. एक्सेल मात्र शाळेसारखं वर जातं. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आण्णांच्या संस्थेची रीत शाळेतली होती आणि आम्ही ती विचारलीच नव्हती.

त्याच्या शेजारीच दुसरा खड्डा असतो. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ हा आकडा दोन दशांशांत पूर्ण करायला सांगितला तर १.०१ येत नाही, १.०० येतो. इथं रीतीचा प्रश्न नाही. संगणक आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि १.००५ त्या पद्धतीत नेमका मावत नाही, अगदी किंचित कमी साठवला जातो. मग तो अर्ध्याच्या अलीकडचा ठरतो आणि खाली जातो. पैशाच्या हिशोबाला म्हणूनच दशांश जसेच्या तसे साठवणारी लायब्ररी लागते.

बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही आण्णांना आणखी एक विचारलं. पैशात पूर्ण करायचं ते प्रत्येक धारेला, की दहा दिवसांच्या बेरजेला एकदाच? वरचीच रक्कम सकाळी आणि संध्याकाळी आली असं धरा. प्रत्येक वेळी पूर्ण केली तर २३५.१३ अधिक २३५.१३, म्हणजे ४७०.२६. आधी बेरीज केली तर ४७०.२५. दहा दिवसांत वीस धारा होतात. आण्णा लगेच म्हणाले, "पावती दर टायमाला देतोय न्हवं? मग पावतीवरचं खरं." हे उत्तर कुठल्याच लायब्ररीच्या माहितीपत्रकात मिळालं नसतं. आणि हे कुणी आधी लिहूनही ठेवलेलं नव्हतं. चाचणी लिहायला बसल्यावर मिळणारा पहिला फायदा हाच: आपल्याला नेमकं काय हवंय ते आपल्यालाच पहिल्यांदा ठरवावं लागतं.

त्या दिवशी कट्ट्यावर लिहिलेली चाचणी अशी:

जर म्हशीच्या दुधाचा दर लिटरला ५२.२५ रुपये असेल,
आणि सभासदानं सकाळी ४.५ लिटर दूध घातलं,
तर पावतीवर २३५.१३ रुपये आले पाहिजेत.

आणि त्यानं संध्याकाळीही तेवढंच दूध घातलं,
तर बिलाची बेरीज ४७०.२६ रुपये आली पाहिजे.

जर, आणि, तर. हे वाचायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. आण्णांनी वाचलं आणि "बरोबर" म्हणाले. अशी वाक्यं संगणकाकडून चालवून घेणारी साधनं आहेत. कुकुंबर हे त्यातलं बरंच वापरात असलेलं, आणि त्यात मराठीत लिहिण्याचीही सोय आहे. साधन कुठलंही चालेल. घेणाऱ्याला वाचता आलं पाहिजे आणि यंत्राला चालवता आलं पाहिजे, या दोन अटी सोडू नका.

दर्या आणि दऱ्या

मराठीत काम करणाऱ्यांनी एका बाबतीत फार सावध राहायला हवं, म्हणून यावर जरा थांबतो.

दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. लिहिताना फरक आहे तो रफार आणि अर्ध्या ऱ्याचा. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक लायब्ऱ्यांना हा फरक छापता येत नाही. त्याचं कारण असं, की देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढं एक ठेवून चालत नाही. वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते, पण दिसते आधी. जोडाक्षरांचा आकार बदलतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. हे काम करणारं वेगळं इंजिन लागतं. हार्फबझ हे त्यातलं मोठं नाव. ज्या लायब्ररीत असं काही नाही तिथं शिर्के या आडनावाची वेलांटी सुटून पडते आणि रफाराऐवजी पाय मोडलेला र दिसतो. माहितीच्या पानावर मात्र "युनिकोडला संपूर्ण पाठिंबा" असं लिहिलेलं असतं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले संगणकी कोड. लिहिणाऱ्यानं फ्रेंच आणि जर्मन अक्षरं तपासलेली असतात आणि त्याच्या हाताला म्हैस दूध देत असते.

छपाई जमली तरी शोध अडतो. दऱ्या, कुऱ्हाडे, गोऱ्हे, यांतलं अर्धं ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतं. एकात नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि पुढं न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. डोळ्याला दोन्ही सारखेच. संगणकाला दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवर भरलेला सभासद दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला की "सापडला नाही" येतं, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवूनही हे दोन एक होत नाहीत. ॲ या अक्षराचीही अशीच दोन रूपं आहेत.

क्रमवारी हा आणखी एक भाग. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर येतात. अक्षरांच्या कोडप्रमाणं नुसतं लावलं तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो आणि क्षीरसागर आडनाव क च्या गर्दीत जातं. सभासद यादीत आपलं नाव कुठं शोधायचं हे म्हाताऱ्या माणसांना शाळेतल्या क्रमानंच माहीत असतं. आणि दिवाळीच्या फरक बिलाला रकमा लाखांत गेल्या की १२,३४,५६७ असं हवं असतं. जावाचं अंगचं आकडे मांडणारं साधन एकाच मापाचे गट पाडू शकतं, त्यामुळं ते १,२३४,५६७ असं दाखवतं. आयसीयू नावाच्या लायब्ररीला लाख-कोटी येतात.

यातलं एकेक वाक्य एकेक चाचणी होते. दर्या आणि दऱ्या ही जोडी छापली तर दोन वेगळे आकार दिसले पाहिजेत. दोन्ही तऱ्हेनं टंकलेलं कुऱ्हाडे शोधलं तर एकच सभासद मिळाला पाहिजे. क्षीरसागर हे हजारे यांच्या खाली आलं पाहिजे. आम्ही हे लिहून तीन पीडीएफ लायब्ऱ्यांवर चालवलं, तेव्हा सगळ्यात जास्त ताऱ्यांची लायब्ररी पहिल्याच वाक्याला पडली. आधी निवडायचो तसंच निवडलं असतं, तर तीच घेतली असती.

आरियान ५

आयता भाग बरोबर असूनही जागा चुकली तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, फ्रेंच गयानातल्या कुरू इथं घडलं. ४ जून १९९६ रोजी युरोपचं नवं आरियान ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं. सदतिसाव्या सेकंदाच्या सुमारास ते वाट सोडून वळलं, मोडलं आणि नष्ट झालं. त्याच्यावर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते.

रॉकेटला आपली दिशा सांगणारी यंत्रणा जुन्या आरियान ४ वरून घेतलेली होती, तिच्या सॉफ्टवेअरसकट. आरियान ४ वर ती नीट चाललेली होती. तिच्यात आडव्या वेगाशी निगडित एक आकडा ६४ बिटांच्या दशांशातून १६ बिटांच्या पूर्णांकात नेला जात होता. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतं. आरियान ४ च्या उड्डाणात तो आकडा तिथपर्यंत जात नसे. आरियान ५ चा मार्ग वेगळा होता, सुरुवातीलाच आडवा वेग कितीतरी जास्त वाढत होता. आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही होती, पण तिच्यात तेच सॉफ्टवेअर होतं आणि ती क्षणभर आधीच त्याच कारणानं बंद पडलेली होती.

मन जास्त दुखावणारी गोष्ट अशी, की ज्या कामासाठी हा आकडा मोजला जात होता त्याचा आरियान ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. आरियान ४ ला ते काम उड्डाणानंतरही काही सेकंद चालू ठेवावं लागत असे, म्हणून ते तसंच पुढं आलं. आणि धोका अगदीच कुणाच्या ध्यानात नव्हता असंही नाही. अशी सात रूपांतरं ओळखली होती. संगणकावरचा ताण ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून त्यातल्या चारांनाच संरक्षण दिलं, तिघं मोकळी राहिली. हा निर्णय आरियान ४ च्या आकड्यांवर बेतलेला होता.

जाक-लुई लियाँ यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळानं जुलैमध्ये अहवाल दिला. त्यात स्पष्ट आहे, की या यंत्रणेच्या मागणीपत्रात आरियान ५ च्या मार्गाचे आकडे घातलेलेच नव्हते. जमिनीवर त्या मार्गाचे आकडे देऊन यंत्रणा चालवून बघणं शक्य होतं, आणि पुरवठादारानं किंवा स्वीकृती चाचणीत तसं केलं असतं तर हा दोष उघडा पडला असता. रॉकेट नवं, मार्ग नवा, आणि गेज मात्र जुन्या ड्रॉइंगचा, किंबहुना नव्या ड्रॉइंगचा गेज बनलाच नव्हता.

चाचणीवर निवड कशी करायची

पहिलं काम, कुठलीही लायब्ररी उघडून बघायच्या आधी चाचण्या लिहायच्या. एकदा एखादी आवडली की आपण नकळत तिला जमतं तेच मागायला लागतो. हे मी स्वतः केलंय, आणि चांगल्या चांगल्या लोकांना करताना बघितलंय.

चाचण्यांना लागणारे आकडे कल्पनेतून काढू नका. संस्थेच्या गेल्या वर्षाच्या रजिस्टरात बसा. शून्य लिटरची नोंद का आहे, एकाच सकाळी दोनदा दूध का घातलं, फॅट मशीन बंद होतं त्या दिवशी दर कसा लावला, महापुरात रस्ता बंद होता तेव्हा चार दिवसांचं संकलन कसं दाखवलं, हे सगळं तिथं असतं. आमच्याकडं पंचगंगेला पाणी आलं की टँकर गावात पोचत नाही. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली हे झालं. अशा दिवसांच्या नोंदी कुठल्याही परदेशी लेखकाच्या डोक्यात येणार नाहीत.

मग मध्ये आपला एक पातळ थर घालायचा. पंप आणि मोटर यांच्यामध्ये कपलिंग असतं तसा. "ही रक्कम पैशात पूर्ण कर", "ही पावती छाप", "या नावाचा सभासद शोध", एवढ्याच आपल्या भाषेतल्या आज्ञा. चाचण्या या थराशी बोलतात. थराच्या मागं आज ही लायब्ररी, उद्या ती. एकेक उमेदवार जोडायला थोडा वेळ जातो, पण सगळ्यांवर तीच चाचणी जशीच्या तशी चालते आणि तुलना खरी होते. पुढं लायब्ररी बदलायची वेळ आली तरी उरलेल्या सॉफ्टवेअरला हात लावावा लागत नाही.

थराच्या मागं काहीच न जोडता चाचण्या एकदा चालवा. सगळ्या पडल्या पाहिजेत. एखादी पास झाली तर ती काहीच तपासत नाहीये. गेजही तपासून घ्यावा लागतो.

चालवायच्या कुठं? आपल्या ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपवर आधी, ठीक आहे. पण शेवटची फेरी संस्थेतल्या संगणकावर झाली पाहिजे. तिथं इंटरनेट येतं-जातं, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, आणि सकाळी सहा वाजता रांग लागलेली असताना लाइट जाते. रक्कम लिहिली जात असतानाच आम्ही मुद्दाम प्लग काढून बघतो, की परत चालू केल्यावर ती धार एकदाच नोंदलेली दिसते का. आपल्या हातानं पिळून बघणं म्हणजे हेच.

निकाल वाचताना घाई नको. पडलेली चाचणी म्हणजे लायब्ररी टाकाऊ असं नाही. आमच्या पैशाच्या प्रकरणात त्याच लायब्ररीत राउंडिंगची रीत बदलायची सोय होती, एक सेटिंग दिलं आणि २३५.१३ आलं. पण ते सेटिंग मुळात वेगळं आहे हे कळलं ते चाचणीमुळं. काही उणिवा मधल्या थरात भरून काढता येतात, जसं दोन तऱ्हेचं ऱ एका रूपात आणणं. देवनागरीची मांडणीच येत नसेल तर मात्र ती भरून काढण्याच्या नादी लागू नका, त्यात महिने जातात. काही अटी गेजसारख्या असतात, आत किंवा बाहेर. वेग आणि लागणारी मेमरी यांचे आकडे नुसते टिपून ठेवा, दोघं पास झाले तर तिथं बघता येतं.

चाचणीवरून आयता भाग निवडणं ही आमच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. १९९३ साली अँडी पॉडगर्स्की आणि लिन पिअर्स यांनी अशी पद्धत मांडली होती, की भांडारातला भाग नावावरून किंवा वर्णनावरून न शोधता थोडे नमुन्याचे आकडे देऊन सगळे भाग चालवायचे आणि ज्याची उत्तरं आपल्याला हवी तशी येतात तो उचलायचा. त्या काळी भांडारं लहान होती. आज ती अवाढव्य आहेत आणि ही कल्पना मला तेव्हापेक्षा आता जास्त गरजेची वाटते.

चाचण्या किती, असं नवीन मुलं विचारतात. एका भागाला पंधरा-वीस चांगल्या पुरतात. ज्यांवर उमेदवार वेगवेगळे ठरतील त्याच लिहा. दोन आणि दोन चार होतात का हे तपासून निवड होत नाही.

चाचणीच्या बाहेर राहणारं

चाचणी आजच्या वागणुकीबद्दल बोलते. तो भाग उद्या कोण सांभाळणार, त्याचा परवाना काय म्हणतो, त्याच्या पोटात आणखी कुणाचे भाग आहेत, हे तिला कळत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभर असंख्य सॉफ्टवेअर प्रकल्पांची बांधणी अडली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत गंभीर भगदाड सापडलं, तेव्हा अनेकांना ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे हेच माहीत नव्हतं. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून साठवणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून. या तिन्ही भागांनी आपली नेहमीची कामं नीटच केलेली होती. म्हणून चाचणीत पास झालेल्यांची कागदपत्रंही बघायची, म्हशीचा टॅग आणि लसीकरण बघतो तशी.

एकदा निवड झाली की चाचण्या फेकून देऊ नका. लायब्ररीच्या आवृत्तीला सहसा तीन आकडे असतात. पहिला बदलला तर जुनं काही मोडलेलं असू शकतं. मधला बदलला तर नवी सोय आली, शेवटचा बदलला तर नुसती दुरुस्ती. हे लेखकाचं आश्वासन असतं, तो मनापासून देतो. पण त्याच्या लेखी दुरुस्ती असलेली गोष्ट आपल्याकडं मोडतोड ठरू शकते. म्हणून नवी आवृत्ती आली की तोच गेज परत लावायचा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पीडीएफ लायब्ररीची नवी आवृत्ती आली. फक्त शेवटचा आकडा बदललेला होता. रात्री चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, फक्त एक लाल: दऱ्या छापताना पुन्हा दर्या येत होतं. आम्ही ती तीन ओळींची चाचणी आणि दोन्ही शब्दांचं चित्र लायब्ररीच्या लेखकाला पाठवलं. त्याला मराठी येत नाही, पण चाचणी चालवता येते. चौथ्या दिवशी दुरुस्ती आली, आणि तिच्यासोबत आमची दर्या-दऱ्याची जोडी त्याच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये जाऊन बसली होती.